तीन नंबरच्या घरी गेलेले पदक

मी, अँब्रोझ ह्यू टॅलंटायर, वय वर्षे त्र्याऐंशी, पूर्वीचा धंदा पाणी-निचऱ्याची कामे, नंतर बारा वर्षे हार्नशायर परगण्यात राणीसरकारांचा प्रतिनिधी, म्हणजे लॉर्ड लेफ्टनंट, राहणार पंपहाऊस, मुक्काम स्लेडन, आज आपखुशीने हा कागद लिहून ठेवीत आहे. डॉक्टरांनी मला तपासून डोके ठिकाणावर असल्याचा दाखला दिला आहे. हृदयाबद्दल त्यांनी तसा दाखला दिला नाही, म्हणून ही घाई. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दोन वृद्ध स्त्रियांनी मला बरेच सुनावले हे खरे, पण ते दडपण नव्हे. ते यायला एक तप उशीर झाला, आणि तोही माझ्यामुळेच.

१. याआधी मी दोन मृत्युपत्रे केली होती. ती दोन्ही रद्द समजावीत. दुसऱ्यात मी स्वतःबद्दल जे चार परिच्छेद लिहिले होते ते आज वाचवत नाहीत. या कागदाची अंमलबजावणी माझ्या वकील ऑड्री क्विल्टर आणि माझी भाची रोवेना यांनी मिळून करावी. दोघींचे पटत नाही. त्यामुळे काम चोख होईल.

२. राहते घर, आतले सामान, बाग आणि बागेच्या टोकाला असलेले जुने पंपघर रोवेनाला द्यावे. तिने घर विकले तरी माझी हरकत नाही. माझी पत्नी हॉनर याच घरात वारली, त्याला पंधरा वर्षे झाली. तेव्हापासून हे घर मी वापरले, त्यात राहिलो असे म्हणवत नाही. बँकेत जे काही उरेल तेही रोवेनाचेच, त्यातून मोलकरीण मिसेस टाफ यांना त्या मागतील तेवढे द्यावे. त्या कमीच मागतील, म्हणून त्याच्या दुप्पट द्यावे.

३. माझे पातळी मोजायचे यंत्र, तिपाई, मोजपट्ट्या आणि नाल्यांचे हाताने काढलेले सर्व नकाशे निचरा मंडळाचे अभियंता डेसमंड प्राइक यांना द्यावेत. नकाशांवर पेन्सिलीने जिथे मी ‘येथे फसलो’ असे लिहिले आहे, ते पुसू नये. त्या जागा पुढच्या माणसाला उपयोगी पडतील.

४. फावडी एकूण सात आहेत. त्यांतले सर्वांत अरुंद, चिखलाच्या नाल्यात चालणारे, कर्नल बेसिल फ्रेन यांना द्यावे. सन २००४ मध्ये राणीसरकारांनी मला नेमले तेव्हा कर्नलसाहेब जिमखान्यात म्हणाले होते, “आता परगण्यात गटारं खणणारा राणीचा माणूस होणार. सलामी द्यायची की झाकण उघडायचं?” हे मला त्याच संध्याकाळी तिघांनी येऊन सांगितले. त्या वेळी लागले. पुढे बारा वर्षे त्यांच्या शेजारी उभा राहून मी हसत फोटो काढून घेतले आणि वीस वर्षे हे वाक्य जपून ठेवले. आता ते वाक्य आणि फावडे, दोन्ही त्यांना परत. कर्नलसाहेब माझ्याआधी गेले तर फावडे त्यांच्या मुलाला देऊ नये, तो बिचारा सरळ माणूस आहे.

५. गणवेश. गडद निळा कोट, लाल पट्टीची विजार, चंदेरी बिल्ले, टोपी आणि तलवार. तलवार म्यानातून कधीही काढलेली नाही. एकदा मोटारीच्या दारात अडकून तिने मला महापौरांच्या पायाशी लोळवले, एवढाच तिचा पराक्रम. हा सर्व संच परगण्याच्या कचेरीत द्यावा. नव्या माणसाला मापात बसला तर वापरावा, नाही तर शाळेच्या नाटकाला द्यावा.

हे काम काय असते हे इथे सगळ्यांनाच ठाऊक आहे, तरी एक सांगतो. राजा सगळीकडे जाऊ शकत नाही, म्हणून प्रत्येक परगण्यात त्याच्या वतीने एक माणूस उभा असतो. तो पाहुण्यांना उतरवून घेतो, शंभरी गाठलेल्यांच्या घरी जातो, पूर आला की बूट घालून चिखलात उभा राहतो, आणि गावोगावच्या चांगल्या माणसांच्या छातीवर राणीचे पदक लावतो. हे शेवटचे काम मला फार आवडे. तेवढ्यापुरते आपले बोट राणीचे बोट होते असे वाटायचे. कलम सात त्याच बोटाबद्दल आहे.

६. सन २०१४ मध्ये मला जो किताब मिळाला आणि ज्यामुळे लोक मला ‘सर’ म्हणू लागले, त्याचा तारा शवपेटीवर ठेवू नये. दगडावर ‘सर’ कोरू नये. कारण पुढे आहे.

७. हे कलम मी मृत्युपत्रात मुद्दाम घातले आहे. आमच्या देशात माणूस गेल्यावर त्याचे मृत्युपत्र कोर्टातून मंजूर झाले की ते कोणालाही मागवून वाचता येते. माझे हे कोणीही वाचावे अशी माझी इच्छा आहे.

अपर स्लेडन गावात नदीच्या बांधाला लागून एक गल्ली आहे, तिला बांधगल्लीच म्हणतात. तिथे वॅडलो नावाच्या दोन भावांची दोन घरे. आठ नंबरला थोरल्याची बायको पर्ल, तीन नंबरला धाकट्याची बायको प्रिसिला. दोघी जावा. टपालवाला सोडून त्यांना ‘मिसेस पी. वॅडलो’ कोणी म्हणत नसे. एक नुसती पर्ल, दुसरी नुसती प्रिसिला.

पर्लबाईंनी एकतीस वर्षे रोज सकाळी आणि संध्याकाळी नदीकाठच्या मोजकाठीवर पाणी किती चढले ते पाहिले. पाणी खुणेच्या वर गेले की त्या दारोदार जाऊन लोकांना उठवीत. पूर आला की सपाट बुडाच्या नावेतून औषधे, पाव, दूध पोहोचवीत. त्यांना कोणी नेमले नव्हते. प्रिसिलाबाई चर्चमध्ये फुले मांडत आणि भाजी-प्रदर्शनात त्यांचा भोपळा दर वर्षी पहिला येई.

सन २०१२ च्या वसंतात पर्लबाईंच्या नावाची शिफारस आमच्या कचेरीत आली. ती गावच्या पाद्रीबाबांनी दीड वर्षापूर्वी लिहिली होती आणि ते तोवर कॅनडाला निघून गेले होते. शिफारशीत नाव होते ‘मिसेस पी. वॅडलो, बांधगल्ली’. घराचा आकडा नव्हता. माझे कारकून कथबर्ट लॅम्पलू मतदारयादी घेऊन माझ्यासमोर आले आणि म्हणाले, “साहेब, या दोन आहेत.”

आता कोणीही विचारील, मग गावात फोन करून का विचारले नाही? तर विचारता येत नाही. ज्याचे नाव सुचवले जाते त्याला आणि त्याच्या गावाला कळता कामा नये हा पहिला नियम आहे. मीच तो सर्वांना शिकवत असे. लॅम्पलू यांनी शिफारस लिहिणाऱ्याला कॅनडात पत्र टाकावे असे सुचवले. मी म्हणालो, “कशाला? मला माहीत आहे ना. तीन नंबर. त्या बाईंनी मला पुरात चहा दिला होता.”

चहा दिला होता, हे खरे. सन २००७ च्या पुरात मी बांधगल्लीत गेलो, तेव्हा तीन नंबरच्या स्वयंपाकघरात एका बाईंनी एप्रनला हात पुसत मला चहा दिला आणि कोणत्या घरात कोणाला साखरेचे इंजेक्शन लागते ते पाठ म्हणून दाखवले. त्या पर्लबाई होत्या. आठ नंबरात गुडघाभर पाणी होते, म्हणून त्या उंचावरच्या जावेच्या घरात चूल मांडून बसल्या होत्या. प्रिसिलाबाई त्या वेळी नवऱ्याला घेऊन इस्पितळात होत्या. मला घर आठवले, बाई आठवली नाही. हॉनर असती तर तिने झोपेतही सांगितले असते.

चूक माझी. कथबर्ट लॅम्पलू यांची नाही. ते आता हयात नाहीत, आणि त्यांनी शेवटपर्यंत तोंड उघडले नाही.

पत्र तीन नंबरला गेले. त्यात फक्त एवढेच असते की आपल्याला अमुक पदक द्यायचा विचार आहे, आपण घ्याल का. कशासाठी ते लिहिलेले नसते. आणि खाली असते, कृपया कोणालाही सांगू नये. प्रिसिलाबाईंचा नवरा जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. त्यांना वाटले, तीस वर्षे चर्चमध्ये फुले मांडली, ती कोणाला तरी दिसली. त्यांनी ‘हो’ लिहून पाठवले आणि सांगितल्याप्रमाणे कोणालाही सांगितले नाही. जावेलासुद्धा नाही.

ऑक्टोबरात गावच्या सभागृहात समारंभ झाला. मी गणवेशात. प्रिसिलाबाई नव्या करड्या पोशाखात. पर्लबाई दुसऱ्या रांगेत हॅट घालून बसल्या होत्या, टाळ्या वाजवायला तयार. मी मानपत्र वाचू लागलो. ‘स्लेड नदीच्या पुरात सलग एकतीस वर्षे...’ एवढे वाचले आणि प्रिसिलाबाईंचा चेहरा मी पाहिला. खाली सभागृहातल्या माना पर्लबाईंकडे वळल्या. मला तेव्हाच कळले. सगळे कळले. मी शेवटपर्यंत वाचत राहिलो.

पदक लावायला पुढे झालो तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “साहेब, ही मी नव्हे. ही आमची पर्ल.”

मी हसत होतो, कारण समोर फोटोवाला होता. हसतच मी म्हणालो, “सरळ उभ्या राहा, बाई. आता काही बोलू नका.”

आणि लावले.

पंधरा दिवसांनी त्या माझ्या घरी आल्या. पदक मोहरीच्या डब्यात घालून आणले होते. म्हणाल्या, “हे तुमच्याकडे ठेवा आणि तिला द्या. मी गावात सांगते की गडबड झाली.” मी म्हणालो, राणीचे पदक परत घ्यायची रीत नाही. हे खोटे होते. रीत होती. एक पानी पत्र लागते. पण त्याच वर्षी माझ्या नावाचा कागद वर गेला होता. तो गेल्याचे मला कळायला नको होते, पण कळले होते. आपल्या परगण्यात पदक चुकीच्या छातीवर लागले हे त्या वेळी वर कळावे असे मला वाटले नाही. मी पुढे असेही म्हणालो की शिफारशीबद्दल एक अक्षर बोलणे नियमाविरुद्ध आहे, त्यांनी गप्प राहावे. त्या साध्या बाई आहेत. राणीच्या माणसाने सांगितले म्हणून गप्प राहिल्या.

गावच्या डॉक्टरांनी पर्लबाईंसाठी दुजोऱ्याचे पत्र लिहिले होते, त्यातही नाव तेवढेच होते. त्यांनी कचेरीला विचारले, हे कसे झाले? मी उत्तर धाडले, ‘सदर बाब गोपनीय असल्याने काहीही कळवता येत नाही.’ मग गावाने आपल्यापुरता निकाल लावला. प्रिसिलाने जावेचे काम आपल्या नावावर लिहून पाठवले. त्यांना ‘पदकवाली’ म्हणू लागले. दुकानात कोणी तरी म्हणे, “बाजूला व्हा रे, नावाडीणबाई आल्या.” त्या वर्षी त्यांच्या भोपळ्याला तिसरा क्रमांकही मिळाला नाही. पुढल्या वर्षापासून त्यांनी भोपळा लावला नाही.

फेब्रुवारीत त्या तोच डबा घेऊन पुन्हा आल्या. या वेळी त्या रडत होत्या. म्हणाल्या, “गाव काय म्हणेल ते म्हणू दे. पर्ल माझ्याशी बोलत नाही. तिला तेवढं सांगा, साहेब. एकटीला सांगा, कानात सांगा.” मी म्हणालो, बघू. वर्षभरात मी ‘सर’ झालो.

मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो. प्रिसिला वॅडलो यांनी कोणाचेही काम आपल्या नावावर लावलेले नाही. त्यांनी पदक मागितले नाही. उभ्या जागी नाकारले, आणि नंतर दोनदा परत आणून दिले. तिन्ही वेळा मी ते त्यांच्या गळ्यात घातले. मला आजवर वाटे की मी पर्लबाईंचे देणे लागतो, कारण त्यांना मिळाले नाही. खरे नुकसान जिला मिळाले तिचे झाले.

८. कलम सातचा मसुदा मी ऑगस्टमध्ये ऑड्रीकडे दिला. ती म्हणाली, “हयात बाईचं नाव आहे. तिला दाखवल्याशिवाय मी हे टाइप करणार नाही.” म्हणून मी कागद घेऊन तीन नंबरला गेलो. जे बोलणे झाले ते लिहितो, कारण पुढची कलमे त्यातून आली आहेत.

प्रिसिलाबाई आता शहाऐंशीच्या आहेत. त्यांनी भिंग घेऊन सगळे वाचले, घडी घातली आणि माझ्यासमोर सरकवली.

“हे केव्हा वाचणार लोक?”

“मी गेल्यावर.”

“आणि मी आधी गेले तर?”

मी कागदाची घडी पुन्हा उलगडली.

“साहेब, तुमचं बरं आहे. तुम्ही मेल्यावर खरे होणार. तोवर मी काय करायचं? रोज सकाळी तुमची मयत वाचायला पेपर उघडायचा?”

मी म्हणालो, हवे तर पुढच्या रविवारी सभागृहात उभा राहून मीच वाचतो.

“गाव गेलं खड्ड्यात,” त्या म्हणाल्या. “गावानं काय माझी भाकरी भाजली? रेज गेला, माझा थोरला दीर, माझ्या नवऱ्याला खांद्यावर घेऊन फिरलेला. त्याला पुरलं तेव्हा मी कबरस्तानाच्या भिंतीबाहेर उभी होते. पावसात नव्हे हो, चांगलं ऊन होतं, सगळ्यांना दिसत होते मी. आत ये म्हणून कोणी म्हटलं नाही. जी आत ये म्हणू शकत होती, तिला सांगा. तेवढं एक काम करा आणि मग खुशाल मरा.”

तिथून मी पाच घरे चालत गेलो. पर्लबाई घरी नव्हत्या. सत्त्याऐंशी वर्षांच्या त्या, संध्याकाळचे पाणी बघायला काठावर गेल्या होत्या. मी बांध उतरून गेलो.

“सावकाश, लेफ्टनंटसाहेब,” त्या मागे न बघता म्हणाल्या. “इथे पडलात तर मी नाही काढणार. माझी नाव विकली मी.”

मी उभ्याउभ्या सगळे सांगितले. त्यांनी वहीत आकडा लिहिला, पेन्सिल कानावर ठेवली आणि एवढेच विचारले, “कुठला चहा?”

“पुरातला. तुम्ही तिच्या घरात दिलेला.”

“तो तिच्या डब्यातला होता,” त्या म्हणाल्या. मग मोजकाठीकडे वळल्या. “तिनं मला का नाही सांगितलं?”

“पत्रात लिहिलं होतं, कोणाला सांगू नये. पुढे मीही तसंच बजावलं.”

“आणि ती ऐकली!” पर्लबाईंचा आवाज चढला. “जन्मात कोणाचं ऐकलं नाही त्या बाईनं. सासूचं नाही, नवऱ्याचं नाही, माझं तर नाहीच नाही. आणि ऐकलं तर तुमचं!”

“चूक माझी आहे.”

“ते कळलं हो. चांगलं मोठ्यानं कळलं.” त्यांनी वही कोटाच्या खिशात घातली. “बारा वर्षं मी तिच्या दारावरून मान फिरवून गेले. रोज दोनदा. मोजा किती वेळा झालं ते, तुम्हाला मोजायची सवय आहे. मीही विचारलं नाही तिला. हे तुमच्या कागदात येतंय का?”

मी म्हणालो, तुमची चूक लिहायचा मला अधिकार नाही.

“लिहा. मी सांगते आहे.” आणि मग, “जा आता तुम्ही.”

त्या तीन नंबरला गेल्या का, हे मी विचारले नाही. आठवड्याने प्रिसिलाबाईंचा फोन आला. म्हणाल्या, आली नाही.

९. बैठकीतले उभे घड्याळ प्रिसिला वॅडलो, राहणार ३, बांधगल्ली, यांना द्यावे. नदीकाठची माझ्या मालकीची पट्टी, जीत मोजकाठी उभी आहे, पर्ल वॅडलो, राहणार ८, बांधगल्ली, यांना द्यावी. (हे कलम खाली बाराव्यात बदलले आहे.)

पर्लबाईंच्या नावाने मी हल्ली कोठे काही कागद पाठवले आहेत किंवा नाहीत, हे नियमानुसार कोणालाही कळवता येत नाही. हा सन्मान माणूस जिवंत असेपर्यंतच मिळतो आणि कागद फिरायला दीड-दोन वर्षे लागतात, हे मात्र गुपित नाही. पाठवलेच असतील तर घराचा आकडा लिहिला आहे.

१०. मला स्लेडनच्या कबरस्तानात हॉनरशेजारी पुरावे. बिगूल नको. कर्नल फ्रेन भाषण करायला उठले तर त्यांना बसवावे. दगडावर नाव आणि साल, आणि हवेच असेल तर ‘निचऱ्याची कामे केली’ एवढे.

११. घड्याळाचे सांगायला मी प्रिसिलाबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “घड्याळ नको. तुमच्या त्या कागदाखाली कोणी सह्या करतं ना, साक्षीदार म्हणून? तिथे मला सही करू द्या. बारा वर्षांपूर्वी उभं केलंत आणि गप्प बसवलंत. आता उभी राहून नाव लिहिते.”

ऑड्री म्हणाली, कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. सही केली तर घड्याळ गेले. हे मी त्यांना सांगितले. “गेलं तर गेलं. तसंही ते माझ्या छताला लागेल,” त्या म्हणाल्या.

साक्षीदार दोन लागतात. दुसऱ्या म्हणून मी पर्लबाईंना चिठ्ठी पाठवली. दिवस, वेळ, आणि सही केल्यास जमीन मिळणार नाही हेही लिहिले. उत्तर आले नाही.

१२. हे कलम मी टेबलाशी बसून हाताने लिहीत आहे. अक्षर वाईट आहे ते माझेच आहे.

आज अकराची वेळ ठरली होती. प्रिसिलाबाई पावणेअकराला आल्या, तोच करडा पोशाख घालून, पदक न लावता. समोर दुसरी खुर्ची मांडलेली होती. साडेअकराला ऑड्री म्हणाली की तिचा कारकून बाहेर मोटारीत आहे, दुसरी सही तो करील. मी प्रिसिलाबाईंकडे पाहिले. “थांबू या थोडं,” त्या म्हणाल्या. “तिला कोटाची बटणं लावायला वेळ लागतो हल्ली. बोटं वाकत नाहीत.” बोलणे नसतानाही हे त्यांना माहीत होते.

बाराला दहा कमी असताना पर्लबाई आल्या. बुटांना चिखल होता, मिसेस टाफ यांनी काही म्हटले नाही. त्या दारातच उभ्या राहिल्या आणि ऑड्रीला म्हणाल्या, “काय करायचं असतं ते सांगा.”

ऑड्रीने नियम वाचून दाखवला. मी सही करताना दोन्ही साक्षीदार एकाच वेळी, एकाच खोलीत हजर पाहिजेत आणि दोघींनी ती होताना पाहिली पाहिजे. मग त्यांनी सह्या करायच्या, माझ्यासमोर. आणि आपल्याकडे रीत अशी की एकमेकींसमोरही. तिन्ही सह्या होईपर्यंत कोणी खोली सोडून जायचे नाही.

“म्हणजे हिच्याबरोबर बसावं लागेल.”

“हो,” ऑड्री म्हणाली. “तेवढं लागेल.”

“जमीन पंचायतीला द्या,” पर्लबाई मला म्हणाल्या. “ही घड्याळ सोडून बसणार आणि मी जमीन घेऊन जाणार? गावाला पुन्हा विषय. पाणी बघायला जमीन लागत नाही, काठी लागते. ती उपटू नका म्हणावं.”

त्याप्रमाणे कलम नऊमधील दोन्ही देणग्या मी रद्द करतो. पट्टी गावच्या पंचायतीला द्यावी. मोजकाठी आहे तिथे राहील ही अट. घड्याळ रोवेनाकडेच राहील.

समोरची खुर्ची पर्लबाईंनी उचलली. मला वाटले त्या ती दाराकडे नेत आहेत. त्यांनी ती टेबलाला वळसा घालून प्रिसिलाबाईंच्या बाजूला आणली.

“सरक,” त्या म्हणाल्या.

प्रिसिलाबाई सरकल्या. दोघी माझ्या पेनाकडे बघत आहेत, म्हणून मी आता आवरते घेतो.

वर लिहिलेले सर्व मी वाचले आहे, ते माझे आहे, आणि ते माझ्या पश्चात अमलात यावे.

(सही) अँब्रोझ ह्यू टॅलंटायर
पंपहाऊस, स्लेडन, परगणा हार्नशायर
गुरुवार, दिनांक १४ नोव्हेंबर २०२४

वरील सही आम्हा दोघींच्या देखत झाली. त्या वेळी आम्ही दोघी एकाच खोलीत हजर होतो, आणि आम्ही आमच्या सह्या त्यांच्यासमोर व एकमेकींसमोर केल्या आहेत.

साक्षीदार पहिली: (सही) प्रिसिला जोन वॅडलो, ३, बांधगल्ली, अपर स्लेडन. व्यवसाय: काही नाही, पूर्वी फुले.

साक्षीदार दुसरी: (सही) पर्ल अगाथा वॅडलो, ८, बांधगल्ली, अपर स्लेडन. व्यवसाय: वकीलबाई म्हणतात नाते लिहायची गरज नाही, तरी लिहिते. पहिलीची थोरली जाऊ.